मोटर घ्यावी की हातानं फिरवावं?

 भात-वरण आटोपलं असेल, पोरं अभ्यासाला बसली असतील किंवा बसायचं नाटक करत असतील. रोवणीला अजून वेळ आहे, तेव्हा दहा-पंधरा मिनिटं माझ्याजवळ बसा.

तुम्हाला माहीतच आहे, मी बचत गटांची समन्वयक. 'यंत्र घेण्याआधी' या आपल्या मालिकेत आतापर्यंत आपण शेवयांच्या मशीनबद्दल बोललो, पत्रावळीच्या मशीनबद्दल बोललो. आज थोड्या वेगळ्या यंत्राची गोष्ट आहे, कॅमेऱ्याची. मोबाइलमधल्या नाही, फिल्मचा रोल घालायच्या जुन्या कॅमेऱ्याची. त्या कॅमेऱ्याला मोटर लावायला कर्ज द्यावं की नाही, यावर आमच्या एका गटात दोन बैठका झाल्या. पहिल्या बैठकीत आम्ही चुकलो, आणि त्यात माझा वाटा मोठा होता. म्हणून ही गोष्ट मीच सांगायला हवी. जिची आहे तिला विचारून सांगते आहे, पण नाव-गाव सांगणार नाही.

आमच्या गटातल्या एका बाईंची मुलगी बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिचे आजोबा कोळसा खाणीत नोकरीला होते आणि त्यांना फोटोचा भारी नाद. निवृत्तीनंतर त्यांनी मुंबईला जाऊन फोर्टमधून एक जुना कॅमेरा आणला, लायका एम४-पी. आजोबा गेले, कॅमेरा नातीकडे आला. हल्ली काही लोकांना लग्नात मोबाइल-डिजिटलसोबत दोन रोल जुन्या पद्धतीच्या फिल्मवर हवे असतात. नागपूरच्या एका फोटोवाल्यानं या पोरीला बोलवायला सुरुवात केली. रोलचा खर्च त्याचा, आणि एका लग्नाचे तिला अडीच हजार. खेड्यातल्या पोरीला घरातल्या वस्तूवर मिळणारं असं काम काही लहान नाही.

जानेवारीच्या बैठकीत तिच्या आईनं अर्ज दिला. पंधरा हजार रुपये हवेत, कशाला? तर 'वाइंडर'साठी. बैठकीत कुणालाच काही समजलं नाही. मलाही नाही. तेव्हा आधी हे यंत्र काय ते सांगते.

फिल्मच्या कॅमेऱ्यात एक फोटो काढला की फिल्म पुढे सरकवावी लागते, नाहीतर पुढचा फोटो निघत नाही. त्यासाठी कॅमेऱ्याच्या वर उजव्या बाजूला एक छोटा दांडा असतो. उजव्या अंगठ्यानं तो ओढायचा, फिल्म एक घर पुढे जाते, खटका पुन्हा तयार होतो. पस्तीस मिलिमीटरच्या मोठ्या रोलमध्ये असे छत्तीस फोटो. म्हणजे छत्तीस वेळा अंगठा ओढायचा.

वाइंडर म्हणजे कॅमेऱ्याच्या तळाला लावायची सेलवर चालणारी छोटी मोटर. फोटो काढला की ती 'घर्रर्र' करून फिल्म आपोआप सरकवते. मोटर ड्राइव्ह हा तिचाच मोठा भाऊ, जास्त वेगाचा, जास्त वजनाचा आणि जास्त किमतीचा. खटका दाबून धरला की फोटोमागून फोटो निघत राहतात. आपल्या पोरीचा कॅमेरा रेंजफाइंडर प्रकारातला. त्यात एका छोट्या खिडकीतून बघायचं. खिडकीत मधोमध एकाच माणसाच्या दोन प्रतिमा दिसतात. भिंगाची कडी फिरवत गेलं की त्या दोन एकमेकींवर येतात. एक झाल्या की फोटो स्पष्ट येणार. या कॅमेऱ्यात आरसा वरखाली होत नाही, त्यामुळे आवाज अगदी हलका. समोरच्याला कळतही नाही.

आता बैठकीकडे येऊ. मी हिशेबाची वही उघडली. आमचा गट दहा जणींचा, महिन्याची बचत प्रत्येकी शंभर. म्हणजे वर्षाचे बारा हजार. मागणी पंधरा हजारांची. अख्ख्या वर्षाच्या बचतीपेक्षा जास्त पैसा एका मोटरीत.

मी पोरीला विचारलं, एका रोलला खर्च किती? तिनं सांगितलं, रोल, धुलाई आणि स्कॅन मिळून तेराशे. मी तिथंच भागाकार केला. तेराशे भागिले छत्तीस, म्हणजे एक खटका छत्तीस रुपयांना. आणि मोटर सेकंदाला तीन फोटो काढू शकते असं ती म्हणाली. म्हणजे बोट दाबून धरलं तर रोल बारा सेकंदांत खलास. बारा सेकंदांत तेराशे रुपये! बायका हसायला लागल्या.

एक आजी म्हणाल्या, "अवं, मोटर लावून फोटो चांगला येते का? आमी जन्मभर हातानं कामं केलो, आमाले कोणी मोटर देल्ली का?"

मग मी आणखी पुढे गेले. बीए करताना मी होमाई व्यारावाला यांच्याबद्दल वाचलं होतं, ते सांगितलं. होमाईबाई म्हणजे भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. जन्म १९१३ चा, शिक्षण मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात. १९४२ साली त्या दिल्लीला गेल्या. साडी नेसून, जड कॅमेरे खांद्याला अडकवून त्यांनी स्वातंत्र्याचा सोहळा टिपला, गांधीजींची अंत्ययात्रा टिपली, नेहरूंचे कितीतरी फोटो काढले. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. त्यांच्याकडे रोलायफ्लेक्स होता, त्यात रोलमागे फक्त बारा फोटो आणि फिल्म सरकवायला बाजूला हातानं फिरवायची दांडी. स्पीड ग्राफिक होता, त्यात तर एकेक पत्रा घालायचा. मी म्हटलं, बघ पोरी, त्या बाईनं कुठं मोटर लावली होती? चांगला फोटो डोळ्यानं निघतो, मोटरनं नाही.

सगळ्यांना पटलं. अर्ज नामंजूर. पोरगी काही बोलली नाही. तिच्या आईनं मान खाली घातली. मला वाटलं, किती नीट समजावलं आपण.

फेब्रुवारीत त्यांच्या घरी गेले होते, वही पूर्ण करायला. पोरगी अंगणात आजीचा फोटो काढत होती. आजी मोहाच्या झाडाखाली झाडलोट करत होती, मोहफूल पडायच्या आधी करतात तशी. मी बघत उभी राहिले. पोरीनं फोटो काढला. मग कॅमेरा डोळ्यावरून खाली घेतला, पोटाशी धरला, तिरपा केला आणि डाव्या हाताचं बोट वरून आणून तो दांडा ओढला. पुन्हा कॅमेरा डोळ्याला लावला, पुन्हा त्या दोन प्रतिमा जुळवत बसली. तोवर आजी झाडाच्या पलीकडे गेली होती.

मी विचारलं, "असं काहून करतेस?"

ती आधी गप्प. मग म्हणाली, "ताई, माझा अंगठा वाकत नाही जी."

दोन वर्षांपूर्वी धान कापताना विळा लागला होता. जखम भरली, पण आतली शीर तुटलेली राहिली. उजवा अंगठा काठीसारखा ताठ. लिहिते ती दोन बोटांत पेन धरून. एवढ्या बैठकांना ती आईसोबत आली, चहाचे कप दिले, आमच्यातल्या एकीच्याही लक्षात आलं नाही. आणि तिनं सांगितलं का नाही? तर घरात तिच्यासाठी स्थळं बघणं सुरू होतं. आईनं बजावलं होतं, अंगठ्याचं कुठं बोलू नको, 'पोरगी अधू आहे' असं गावभर होईल.

लग्नात काय होत होतं तेही तेव्हा कळलं. मंगलाष्टक संपतं, अक्षता पडतात, हार घालतात, सगळं अर्ध्या मिनिटात. तिला त्यातला एकच फोटो मिळायचा, कारण दुसऱ्यासाठी कॅमेरा खाली घ्यावा लागायचा. नागपूरच्या फोटोवाल्यानं तिला सांगून ठेवलं होतं, असंच चाललं तर पुढल्या हंगामात बोलावणार नाही.

मैत्रिणींनो, मी घरी आले आणि मला माझाच भागाकार आठवला. छत्तीस रुपयांचा हिशेब बरोबर होता. होमाईबाईंचं उदाहरणही खरं होतं. पण होमाईबाईंचे दोन्ही अंगठे धड होते. मी मोटरीला दहा प्रश्न विचारले, पोरीच्या हाताला एकही नाही.

आपल्या ताडोबाच्या जंगलात वाघ मोजायला ट्रॅप कॅमेरे लावतात, ते तुमच्यापैकी कितीतरी जणींनी पाहिले असतील. झाडाला बांधलेली पेटी, वाघ समोरून गेला की आपोआप फोटो. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, त्यावरून ओळख पटते. आता हे कॅमेरे डिजिटल आहेत. पण १९९० च्या दशकात डॉ. उल्लास कारंथ यांनी कर्नाटकातल्या नागरहोळेत या पद्धतीनं वाघ मोजले, तेव्हा त्यात फिल्मचे रोलच असायचे. रात्री जंगलात त्या झाडापाशी फिल्म सरकवायला कोण बसणार? तिथं मोटर लागणारच. त्याला कुणी चैन म्हणत नाही. मग जिच्या अंगठ्याला ते काम जमतच नाही, तिच्यासाठी ती चैन कशी?

मार्चच्या बैठकीआधी मी तिला विचारलं, मी सांगू, तू सांगशील, की नकोच सांगायला? नको म्हणाली असतीस तरी मी अर्ज पुन्हा ठेवीन, असंही म्हटलं. ती दोन दिवस विचार करून आली आणि म्हणाली, मीच सांगते. बैठकीत तिनं हात पुढे केला. ज्या आजी पहिल्यांदा हसल्या होत्या, त्यांनीच तो हातात घेतला आणि अंगठा चोळत बसल्या. आई रडली. मग ठराव झाला.

पण कर्ज मंजूर म्हणजे कोणतंही यंत्र घे असं नाही. मागच्या वेळी आम्ही फक्त 'नको' म्हटलं होतं. या वेळी 'कोणतं' हे नीट बघितलं. ते सांगते, कारण तुमच्याही घरच्या पेटीत असा कॅमेरा निघू शकतो, किंवा हाच विचार दुसऱ्या यंत्राला लागू पडतो.

पहिली गोष्ट, आपल्या यंत्राला ते बसतं का? सगळ्या कॅमेऱ्यांना मोटर बसत नाही. लायकाचे जुने एम३, एम२ आणि पहिला एम४ आहेत, त्यांना हा वाइंडर लागत नाही. एम४-२ हा कॅमेरा १९७० च्या दशकाच्या शेवटी आला, तिथून पुढे तळाशी मोटर जोडायची सोय आहे. म्हणून एम४-पी आणि एम६ ला बसतो. याशिका इलेक्ट्रो ३५ किंवा रशियन फेड, झॉर्की घरात असेल तर त्यांना मोटर बसतच नाही, कुणी विकायला आला तरी घेऊ नका.

दुसरी गोष्ट, मोटर आतच असलेला कॅमेरा घ्यावा का? कोनिका हेक्सार आरएफ १९९९ साली आला. कॉन्टॅक्स जी१, जी२ त्याच्या काही वर्षं आधी आले. यांत मोटर आतच बसवलेली. रोल संपला की परतही आपोआप गुंडाळतात. सोय मोठी. पण त्यांना हाताचा दांडाच नाही. सेल संपले किंवा मोटर बिघडली की कॅमेरा बंद. आणि असं यंत्र उघडून दुरुस्त करणारा माणूस आपल्याकडे सहज मिळत नाही. आपल्यासारखीनं हाताची सोय शिल्लक ठेवणारंच यंत्र घ्यावं.

तिसरी गोष्ट, सेलशिवाय काही आहे का? आहे. तळाला लावायचा नुसता यांत्रिक खटका मिळतो, लायकाचा लायकाव्हिट तसा आहे. डाव्या हाताच्या बोटांनी ओढला की फिल्म सरकते. आवाज कमी, सेलची कटकट नाही, उजव्या अंगठ्याचं काम नाही. खरं तर पोरीला हाच सगळ्यात योग्य होता. पण त्याची किंमत विचारली आणि आम्ही गप्प बसलो. जुना वाइंडर त्या मानानं कितीतरी स्वस्त.

चौथी गोष्ट, वेग किती हवा? लग्नाला सेकंदाला तीन फोटो लागत नाहीत. तिला डोळा खिडकीवरून न हलवता पुढचा फोटो हवा होता, एवढंच. म्हणून वाइंडर पुरे, मोठी मोटर ड्राइव्ह नको. खटका दाबला की बोट लगेच उचलायचं, ही सवय तिनं रिकाम्या कॅमेऱ्यावर आठ दिवस केली. ज्यांना डाव्या डोळ्यानं बघायची सवय असते, त्यांचाही हाच प्रश्न असतो. दांडा ओढताना अंगठा त्यांच्याच कपाळावर आपटतो आणि डोळा हलवावा लागतो.

पाचवी गोष्ट, जुनं घेताना तपासायचं काय? सेलची जागा उघडून बघायची. आत पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड असेल तर सेल आत गळलेले आहेत. कोणते सेल लागतात आणि ते चंद्रपुरात मिळतात का, हे पैसे देण्याआधी विचारायचं. वाया गेलेला एक रोल सोबत न्यायचा आणि तो पूर्ण चालवून बघायचा. हातानं ओढताना फिल्म संपली की अंगठ्याला ताण जाणवतो आणि आपण थांबतो. मोटरीला ते कळलं नाही तर फिल्मच्या कडेची भोकं फाटतात. शेवटी मोटर आपोआप थांबते का, हे बघायचंच. आणि वाइंडर लावताना कॅमेऱ्याचा मूळ तळ काढावा लागतो, तो फडक्यात गुंडाळून जपून ठेवायचा. अर्ध्या रोलवर तळ उघडायचा नाही, उजेड शिरला की फोटो गेले.

कर्ज दिलं पंधरा हजारांचं. दहा हप्ते, दर महिन्याला पंधराशे, व्याज शिल्लक रकमेवर महिना शेकडा दोन. पहिल्या महिन्याचं व्याज तीनशे, मग दोनशे सत्तर, असं उतरत दहा महिन्यांत एकूण सोळाशे पन्नास. लग्नाच्या हंगामात महिन्याला एक लग्न मिळालं तरी हप्ता निघतो, हे आधी मांडून बघितलं. पावसाळ्यात लग्नं नसतात, म्हणून हंगामातल्या कमाईतून चार हप्त्यांचे पैसे आधीच बाजूला काढायचे, असं ठरावात लिहिलं.

आता जूनपर्यंत तिचे तीन हप्ते वेळेवर आले आहेत. एप्रिल-मेमध्ये तिला पाच लग्नं मिळाली. उन्हाळा आपला तुम्हाला ठाऊक आहे, पारा पंचेचाळीसच्या वर. त्या उन्हात रोल आणि सेल मोटारसायकलच्या डिक्कीत ठेवायचे नाहीत, ओल्या फडक्यात बांधलेल्या डब्यात ठेवायचे, हे ती शिकली. आता पावसात सेल काढून ठेवते, नाहीतर गळतात. भिंगाला बुरशी लागू नये म्हणून कॅमेरा बंद पेटीत कोंडून न ठेवता अधूनमधून बाहेर काढते.

सगळं छानच झालं असंही नाही. पहिल्या दोन लग्नांत वाइंडरमुळे तिचे रोल जास्त गेले. फोटोवाल्यानं एका रोलचे पैसे तिच्याकडूनच कापले. तेराशे रुपये. तिनं ते वहीत लिहिलं आणि बैठकीत वाचून दाखवलं. आणि मे महिन्यात शेजारच्या गावात एका घरी तेरवीला तिला बोलावलं होतं. तिथं त्या मोटरीचा 'घर्रर्र' आवाज सगळ्यांना ऐकू गेला. तिला लाज वाटली. आता अशा ठिकाणी ती वाइंडर बंद ठेवते आणि पूर्वीसारखी कॅमेरा पोटाशी घेऊन डाव्या बोटानं दांडा ओढते. वेळ लागतो, पण तिथं घाई नसते.

स्थळांचं विचाराल तर एक स्थळ अंगठ्याचं कळल्यावर फिरलं. ती म्हणाली, बरं झालं, आधीच फिरलं. आई अजून काळजीत आहे. ते कर्जानं सुटण्यासारखं नाही.

यातून आम्ही एक बदल केला. आमच्या कर्जाच्या अर्जात कारण, रक्कम, हप्ता एवढंच होतं. आता आणखी एक प्रश्न आहे : 'हे काम सध्या तुम्ही कसं करता, आणि त्यात शरीराला काय त्रास होतो?' बाई बैठकीत सांगायला लाजत असेल तर मी घरी जाऊन विचारते. एप्रिलमध्ये त्या प्रश्नातून एक जुना अर्ज पुन्हा वर आला. शिलाई मशीनला मोटर हवी म्हणणाऱ्या एका ताईंना आम्ही गेल्या वर्षी 'पायानं चालवा की' म्हणून परत पाठवलं होतं. त्यांचे गुडघे सुजतात, पायटा दाबवत नाही, हे कुणी विचारलंच नव्हतं. त्यांना मोटरीला कर्ज दिलं. पण पायट्याचा पट्टा काढून फेकू नका असंही सांगितलं, कारण वीज गेली की सून तो चालवू शकते.

याचा अर्थ जो मागेल त्याला मोटर द्या असा नाही. त्याच बैठकीत शेवयांच्या मशीनला मोटर मागणाऱ्या दुसऱ्या एकीला आम्ही थांबवलं. तिचं मशीन वर्षातून दोन महिने चालतं आणि घरात तीन धडधाकट माणसं आहेत. हिशेब करायचाच, आणि कडक करायचा. फक्त हिशेबाच्या आधी त्या बाईला ते काम आपल्यासमोर करून दाखवायला सांगायचं. मी जानेवारीत तेवढं केलं असतं, पोरीला म्हटलं असतं, 'जरा एक फोटो काढून दाखव', तर दोन महिने वाचले असते.

पुढच्या बैठकीत तुमच्याकडे यंत्राचा अर्ज आला तर एवढं करून बघा. काय दिसलं ते आपल्या रेडिओवर कळवा, पुढच्या वेळी तुमचीच गोष्ट सांगू.

ती पोरगी आज आईसोबत हे ऐकत असणार. बाळ, चौथा हप्ता येत्या बैठकीला आण, आणि आजीचा तो मोहाच्या झाडाखालचा फोटोही आण. सगळ्यांना बघायचा आहे.

नमस्कार.